ताऱ्याचा नुसता ठिपका दिसतो, मग त्यावरच्या ज्वालेची उंची मोजतात कशी?

पश्चिमतारा

सूर्यावरच्या ज्वालांचे फोटो आता रोजच्या रोज बघायला मिळतात. कमानी दिसतात, डाग दिसतात, ज्वाला कुठे उठली ते बोट ठेवून दाखवता येतं. इतर ताऱ्यांच्या बाबतीत ही सोय नाही. प्रॉक्झिमा हा सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा, सव्वाचार प्रकाशवर्षांवरचा, आणि क्ष-किरण दुर्बिणीत तोसुद्धा ठिपकाच दिसतो. तरी शोधनिबंधांत लिहिलेलं असतं की अमुक ताऱ्यावर ज्वाला उठली, तापमान इतके कोटी अंश, कमानीची उंची ताऱ्याच्या त्रिज्येच्या अमुक पट. ठिपक्यावर उंची कुठून मोजली? बरेच दिवस हा प्रश्न डोक्यात होता. त्यावर वाचत गेलो, आणि जे हाती लागलं ते सविस्तर मांडावंसं वाटलं. इथे भौतिकशास्त्रातली जाणकार मंडळी आहेत, त्यांनी भर घालावी.

एका प्रत्यक्ष घटनेपासून सुरुवात करतो. तारीख २३ एप्रिल २०१४. आपल्या घड्याळात तेव्हा २४ तारखेचे पहाटेचे २ वाजून ३७ मिनिटं झाली होती. नासाचा स्विफ्ट उपग्रह गॅमा किरणांचे स्फोट पकडण्यासाठी २००४ साली सोडलेला. त्यावरचं एक उपकरण आकाशाचा भलामोठा तुकडा सतत नजरेखाली ठेवतं, आणि कुठे काही भडकलं की उपग्रह जमिनीवरच्या हुकमाची वाट न बघता स्वतःच तिकडे वळतो. त्या पहाटे तो वळला श्यामशबल तारकासमूहातल्या डीजी केनम व्हेनॅटिकोरम या जोडताऱ्याकडे. अंतर साधारण ६० प्रकाशवर्षं. दोन्ही तारे तांबडे खुजे, म्हणजे लहान, थंड आणि मंद, प्रत्येकाचं वस्तुमान सूर्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास. वय जेमतेम ३ कोटी वर्षं, म्हणजे ताऱ्यांच्या हिशेबात तान्हेच.

पुढची तीनेक मिनिटं त्या ज्वालेचा क्ष-किरणांतला उजेड त्या दोन्ही ताऱ्यांच्या एरवीच्या सगळ्या तरंगलांबींतल्या एकूण उजेडापेक्षा जास्त होता. हे वाक्य मी तीन-चारदा वाचलं. ताऱ्यावरच्या एका छोट्या जागेतून, फक्त क्ष-किरणांत, दोन अख्ख्या ताऱ्यांहून जास्त उजेड! तापमान भरलं २० कोटी अंश सेल्सिअस. सूर्याच्या गाभ्यात दीड कोटी असतं. आधुनिक उपकरणांनी नोंदलेली सूर्याची सगळ्यात मोठी ज्वाला ४ नोव्हेंबर २००३ ची. ती इतकी तीव्र होती की मोजणाऱ्या उपग्रहाचा काटा शेवटाला जाऊन टेकला आणि तिची प्रत पुढे अंदाजाने एक्स-४५ ठरवावी लागली (एक्स हा सौर ज्वालांचा सगळ्यात वरचा वर्ग). डीजीची ज्वाला त्याच्या सुमारे १०,००० पट. तीन तासांनी जवळजवळ तेवढीच दुसरी उठली, मग पुढचे ११ दिवस उतरत्या जोराच्या आणखी ज्वाला. सगळं स्थिरस्थावर व्हायला २० दिवस लागले. दोन ताऱ्यांमधलं अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या तिप्पट असलं तरी इतक्या लांबून स्विफ्टला ते वेगळे दिसत नाहीत. त्यामुळे दोघांपैकी भडकला कोणता, हेसुद्धा त्याच्या निरीक्षणांतून सांगता आलं नाही.

आता ज्वाला म्हणजे घडतं काय, ते थोडक्यात. पृष्ठभागातून कमानीसारख्या वर आलेल्या चुंबकीय बलरेषा खालच्या खळबळीमुळे पिळवटत जातात. ताण वाढत जातो आणि एका क्षणी त्या तुटून नव्या तऱ्हेने जोडल्या जातात. साठलेली ऊर्जा सुटते, इलेक्ट्रॉन प्रचंड वेगाने कमानीच्या पायथ्याकडे धावतात आणि खालच्या दाट थरावर आदळतात. आदळण्याच्या जागी जास्त ऊर्जेचे क्ष-किरण निघतात. तो थर भाजून निघतो, त्यातला वायू कोट्यवधी अंशांपर्यंत तापून वर उसळतो आणि कमान भरून टाकतो. मग ती भरलेली कमान कमी ऊर्जेच्या क्ष-किरणांत तासन्‌तास उजळलेली राहते. म्हणून आलेखात आधी झपकन चढ आणि मग लांबलचक उतार.

तर या चढ-उतारातून उंची. मोठी कमान निवायला जास्त वेळ घेते, छोटी कमान लवकर निवते. उताराचा वेग आणि तापमान ठाऊक असेल तर कमानीची लांबी गणिताने काढता येते. बहुतेक निबंधांतले उंचीचे आकडे असे आलेले असतात. माझं समाधान काही झालं नव्हतं. कारण हे गणित, मोजमाप नव्हे. मग मला १९९७ ची अल्गोलची गोष्ट सापडली आणि मी खुर्चीत सरसावून बसलो.

अल्गोल म्हणजे ययाती तारकासमूहातला तो प्रसिद्ध ग्रहणकारी जोडतारा, सुमारे ९० प्रकाशवर्षांवरचा. एक तारा तापलेला, निळसर-पांढरा. दुसरा थंड, नारिंगी आणि फुगलेला. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी थंड तारा तापलेल्यासमोर येतो आणि अल्गोल नुसत्या डोळ्यांना मंद दिसतो. पण क्ष-किरणांत पारडं फिरतं. तापलेल्या ताऱ्याला म्हणण्यासारखं प्रभामंडल, म्हणजे भोवतीचं अतितप्त विरळ आवरण, नाही, त्यामुळे क्ष-किरणांत तो जवळजवळ काळाच असतो. क्ष-किरण येतात ते थंड ताऱ्याकडून.

ऑगस्ट १९९७ च्या अखेरीस इटली आणि नेदरलँड्सच्या बेप्पोसॅक्स उपग्रहाने अल्गोलकडे एका अख्ख्या फेऱ्याइतका वेळ टक लावली होती. तेवढ्यात थंड ताऱ्यावर प्रचंड ज्वाला उठली. ती निवत असतानाच तापलेला तारा समोर आला, आणि ज्वाला झाकली गेली. पूर्ण झाकली गेली! काही वेळाने पुन्हा बाहेर आली. झाकणाऱ्या ताऱ्याची त्रिज्या माहीत, कक्षा माहीत, वेग माहीत. उजेड कधी कमी होऊ लागला, कधी नाहीसा झाला, कधी परतला या वेळांवरून श्मिट आणि फवाटा या दोघांनी ज्वालेची जागाच काढली. ती ताऱ्याच्या दक्षिण ध्रुवावर होती आणि तिची उंची जास्तीत जास्त ताऱ्याच्या त्रिज्येच्या ०.६ पट. सूर्यावर ज्वाला उठतात त्या बहुतांशी विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांत, आणि इथे थेट ध्रुवावर.

दुर्बिणीला ठिपक्यापलीकडे काही दिसत नव्हतं, तरी ज्वालेचा पत्ता मिळाला. मला यापेक्षा सुंदर मोजमाप माहीत नाही.

जाईजुई

अतिशय सुरेख धागा. अल्गोलचा भाग दोनदा वाचला. माझे प्रश्न अगदी प्राथमिक आहेत. हे क्ष-किरण म्हणजे हाड मोडल्यावर फोटो काढतात तेच ना? ते तर आरपार जातात. मग आरशावरून परतून दुर्बिणीत गोळा कसे होतात? आणि दुर्बीण अवकाशातच का पाठवावी लागते? हिमालयात उंचावर बसवली तर चालणार नाही का?

सातपुडा

जाईजुई, प्रश्न प्राथमिक असले तरी सगळं क्ष-किरण खगोलशास्त्र त्यांच्याभोवतीच उभं राहिलंय, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

हिमालय पुरत नाही. आपल्याला हवे असलेले क्ष-किरण वातावरणाच्या वरच्या थरांतच शोषले जातात, डोंगरमाथ्यापर्यंत पोचतच नाहीत. जीवसृष्टीसाठी ते उत्तम, खगोलशास्त्रज्ञांसाठी अडचणीचं. म्हणून हा विषय सुरू झाला तोच अग्निबाणांनी. जून १९६२ मध्ये रिकार्डो जियाकोनी आणि सहकाऱ्यांनी अग्निबाणावर क्ष-किरण मोजणारे गणक ठेवून सूर्यमालेबाहेरचा पहिला क्ष-किरण स्रोत शोधला. साध्या ताऱ्यांच्या ज्वाला क्ष-किरणांत दिसल्या त्या पुढे १९७४-७५ साली, एएनएस नावाच्या डच उपग्रहाला. तारे होते लघुश्वानातला वायझेड आणि तिमिंगलातला यूव्ही सेटी. यूव्ही सेटीचं दृश्य प्रकाशातलं भडकणं १९४८ पासूनच गाजत होतं.

आता आरसा. समोरून आलेला क्ष-किरण आरशात घुसतो आणि शोषला जातो, हे बरोबर. पण तो जर आरशाला जेमतेम घासून, एखाद्या अंशाच्या कोनात आला तर परततो. लहानपणी आपण तळ्यात चपटा दगड तिरका भिरकावून भाकऱ्या काढायचो, तसंच. दगड सरळ टाकला की बुडतो. त्यामुळे क्ष-किरण दुर्बिणीचा आरसा परातीसारखा नसून नळकांड्यासारखा असतो, आणि किरण त्याच्या आतल्या भिंतीला घासत जातात. एका नळकांड्यात फार थोडे किरण सापडतात, म्हणून एकात एक अशी पुष्कळ बसवतात. युरोपच्या एक्सएमएम-न्यूटनमध्ये तीन दुर्बिणी आहेत आणि प्रत्येकीत असे ५८ आरसे.

आणि हे काम आपल्याकडेही झालंय. २८ सप्टेंबर २०१५ ला श्रीहरिकोट्याहून गेलेल्या अॅस्ट्रोसॅटवर सॉफ्ट एक्स-रे टेलिस्कोप आहे, ती मुंबईत कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये तयार झाली. कॅमेऱ्यासाठी इंग्लंडच्या लेस्टर विद्यापीठाची साथ होती. तिचे आरसे म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेले अॅल्युमिनियमचे पातळ पत्रे. पत्र्यावर ठिकठिकाणी सूक्ष्म उंचवटे राहिले तरी किरण भलतीकडे जातो, त्यामुळे तो गुळगुळीतपणा मिळवणं हेच खरं कसबाचं काम. याच दुर्बिणीने २०१७ साली नासाची क्ष-किरण दुर्बीण चंद्रा आणि हबल यांच्या जोडीने एकाच वेळी प्रॉक्झिमाकडे बघितलं होतं.

पश्चिमतारा

सातपुडा, अप्रतिम प्रतिसाद. पुढचा टप्पा मी लिहितो, म्हणजे आरशातून कॅमेऱ्यापर्यंत पोचल्यावर काय होतं ते.

कॅमेरा जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांसारखाच सीसीडी असतो, फक्त खूप थंड ठेवलेला. फरक इतकाच की क्ष-किरण इतके विरळ येतात की कॅमेरा एकेक फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, सुटा टिपू शकतो. प्रत्येकाची तीन माहिती: कधी आला, कुठे पडला, ऊर्जा किती. या नोंदींची एक लांबच लांब यादी जमिनीवर येते. तीच कच्ची सामग्री. वेळेनुसार मोजले की उजेडाचा आलेख, ऊर्जेनुसार मोजले की वर्णपट.

तापमान येतं ते वर्णपटातून. वायू जितका तापलेला तितके जास्त ऊर्जेचे फोटॉन. शिवाय लोखंडाची एक खूण सापडते, ६.७ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला (हे फोटॉनच्या ऊर्जेचं एकक). लोखंडाच्या अणूत २६ इलेक्ट्रॉन असतात. त्यातले २४ उडून फक्त २ उरले की ही रेषा दिसते, आणि एवढे इलेक्ट्रॉन उडवायला कोट्यवधी अंशच लागतात.

वर्णपटाच्या एकूण उजेडातून घनतेचा वर्ग गुणिले आकारमान अशी राशी मिळते. गुणाकार मिळतो, सुटे आकडे मिळत नाहीत. छोटी पण दाट कमान आणि मोठी पण विरळ कमान सारखाच उजेड देऊ शकतात. इथे बरीच वर्षं सगळे अडले होते. घनता स्वतंत्रपणे मोजायची तर ऑक्सिजनच्या एकमेकींना खेटून असलेल्या रेषा वेगळ्या करून त्यांचं परस्परप्रमाण बघावं लागतं, आणि त्यासाठी फार बारीक वर्णपट हवा. १२ ऑगस्ट २००१ ला एक्सएमएम-न्यूटन प्रॉक्झिमाकडे बघत असताना मोठी ज्वाला उठली आणि हे जमलं. घनता शांत वेळेपेक्षा दहा पटींहून जास्त वाढलेली दिसली. खालचा थर तापून वायू वर उसळतो आणि कमान भरतो, असं मी वर लिहिलं, त्याचा हा प्रत्यक्ष पुरावा.

कोकणकडा

धागा चांगला चाललाय, पण एक शंका स्पष्ट मांडतो. उतारावरून कमानीची लांबी काढताना गृहीत धरलेलं असतं की एकच कमान आहे आणि ज्वाला उठल्यानंतर तिला नवी ऊर्जा मिळत नाही, ती नुसती निवतेय. सूर्यावर आपण बघतो काय? एकामागून एक शेजारच्या कमानी पेटत जातात, ओळच्या ओळ उभी राहते. मग तो लांब उतार मोठ्या कमानीचा कशावरून? छोट्या छोट्या कमानी ओळीने पेटल्या तरी उतार लांबच दिसणार. डीजीसारख्या ताऱ्यांसाठी दिलेल्या उंचीवर मी तरी फार विश्वास ठेवणार नाही. मॉडेलमधून आलेला आकडा मोजमाप म्हणून फिरवला जातो, हे मला खटकतं.

पश्चिमतारा

कोकणकडा, शंका अगदी रास्त आहे आणि तिचं उत्तर अल्गोलनेच दिलंय. त्या ज्वालेची उंची ग्रहणावरून आधी कळली होती. मग त्याच माणसांनी उताराच्या प्रचलित पद्धती त्याच ज्वालेला लावून बघितल्या. त्या पद्धतींनी आकार खऱ्यापेक्षा मोठा सांगितला. म्हणजे ज्वाला उतरणीला लागल्यावरही आत ऊर्जा येत होती. सुदैवाने उतारात तापमान आणि घनता कशी बदलत जाते हे शेजारी ठेवून बघितलं तर चालू राहिलेली ऊर्जा ओळखता येते, आणि हल्ली ती दुरुस्ती करूनच आकडा देतात. पण म्हणूनच जुन्या निबंधातला कमानीचा आकडा उचलताना पद्धत कोणती ते मी आधी बघतो.

उंचीचा आणखी एक स्वतंत्र मार्ग आहे. ज्वालेचे क्ष-किरण खाली ताऱ्याच्या पृष्ठभागावरही पडतात. तिथलं लोखंड थंड असतं. ते क्ष-किरण खातं आणि ६.४ वर स्वतःची वेगळी रेषा सोडतं. तापलेल्या लोखंडाची ६.७, थंडची ६.४. ज्वाला पृष्ठभागाला खेटून असेल तर खालचा मोठा भाग उजळतो आणि ही रेषा ठळक होते, उंचावर असेल तर फिकी. ईव्ही लॅसर्टी या १६ प्रकाशवर्षांवरच्या ताऱ्याच्या २५ एप्रिल २००८ च्या ज्वालेला ही युक्ती लावली आणि कमान ताऱ्याच्या मानाने बरीच बुटकी निघाली.

त्या ज्वालेचं अजून एक सांगायचं राहिलं. ईव्ही एरवी दहाव्या प्रतीचा, नुसत्या डोळ्यांना दिसायची शक्यताच नाही. त्या दिवशी तो इतका उजळला की स्विफ्टच्या दृश्य-अतिनील दुर्बिणीने स्वतःला इजा होऊ नये म्हणून आपोआप डोळे मिटून घेतले. तो तेव्हा रात्रीच्या आकाशात असता तर माणसांना दुर्बिणीशिवाय दिसला असता.

सातपुडा

कोकणकडांच्या मुद्द्याला जोडून. मृगातल्या तेजोमेघाकडे चंद्रा दुर्बिणीने जानेवारी २००३ मध्ये जवळपास १३ दिवस टक लावली होती. त्या एका चित्रात १,६०० च्या वर क्ष-किरण स्रोत. सूर्याच्या बाल्यावस्थेसारखे तारे आठवड्याला एखादी मोठी ज्वाला सोडताना दिसले. त्यातल्या काही ज्वालांच्या कमानी, उताराच्या दुरुस्त केलेल्या पद्धतीनेही, ताऱ्याच्या त्रिज्येच्या अनेक पट निघाल्या. इतकी मोठी कमान फिरत्या ताऱ्यावर सुटी टिकणं अवघड. म्हणून सुचवलं गेलं की तिचं एक टोक ताऱ्यात आणि दुसरं भोवतीच्या वायू-धुळीच्या चकतीत रुतलेलं असावं, ज्या चकतीत पुढे ग्रह घडतात.

चंद्राला इतका वेळ टक लावता आली, कारण तिची कक्षा फार लांबुळकी आहे. एका फेरीला ६४ तास लागतात आणि त्यातला बराच वेळ ती पृथ्वीपासून दूर असते. अॅस्ट्रोसॅट आणि स्विफ्ट खालून फिरतात, दीड-पावणेदोन तासांत एक फेरी. प्रत्येक फेरीत पृथ्वी आड येते आणि आलेखाला भोकं पडतात. ज्वालेचा माथा नेमका भोकात गेला तर तो कायमचा गेला.

आर्द्रा

मला सूर्याची काळजी वाटायला लागली. आपला सूर्य असा भडकू शकतो का? १८५९ च्या कॅरिंग्टन घटनेबद्दल वाचलंय, तारयंत्रं बिघडली होती. मे २०२४ मध्ये तर लडाखच्या हान्लेहूनही ध्रुवीय प्रकाश दिसला. पण हे सगळं या ताऱ्यांपुढे किरकोळ वाटतं.

पश्चिमतारा

आर्द्रा, डीजीइतका भडकणार नाही. चुंबकीय जोर मुख्यतः फिरण्याच्या वेगावर ठरतो. डीजीतला तारा एका दिवसाच्या आत स्वतःभोवती फिरतो, सूर्याला महिन्याच्या आसपास लागतो. तरुणपणी सगळेच वेगात फिरतात, मग चुंबकीय वाऱ्यामुळे वेग मंदावतो. सगळ्यात चळवळे तारे आपल्या एकूण उजेडाचा हजारावा हिस्सा क्ष-किरणांत टाकतात. सूर्याचा हिस्सा दहा लाखाव्या भागाच्या आसपास किंवा त्याहून कमी.

पण प्रश्न पूर्ण मिटलेला नाही. केप्लर दुर्बीण ग्रह शोधायला गेली होती. क्योटो विद्यापीठाच्या गटाने तिच्या नोंदी उपसल्या आणि २०१२ साली १४८ सूर्यासारख्या ताऱ्यांवर ३६५ महाज्वाला दाखवल्या. तेव्हा म्हणणं होतं की हे तारे वेगात फिरणारे, आपल्याला लागू नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या नेतृत्वाखालच्या गटाने निवड जास्त काटेकोर केली: सूर्याच्याच तापमानाचे, सूर्याइतकेच कमी चंचल असे ५६,४५० तारे. त्यांत २,८८९ महाज्वाला सापडल्या. सरासरी काढली तर दर ताऱ्यामागे शतकात एक.

आर्द्रा

शतकात एक? मग आपल्याकडे का नाही दिसली?

ओवी

मी इथे लिहू का, हा माझ्या वाचनातला विषय आहे. मोठ्या सौर उद्रेकातले कण वातावरणावर आदळले की कार्बन-१४ हा किरणोत्सारी कार्बन वाढतो आणि तो झाडांच्या वर्षवलयांत उतरतो. जपानच्या फुसा मियाके यांनी २०१२ साली देवदाराच्या वलयांत इसवी सन ७७४-७७५ चा ठळक उठाव दाखवला. तसे खात्रीचे उठाव गेल्या १०,००० वर्षांत जेमतेम पाच मिळालेत, अजून काही संशयित. शतकात एक या हिशेबाशी हे जुळत नाही. एक शक्यता अशी की प्रत्येक महाज्वालेबरोबर कणांचा लोंढा बाहेर पडतोच असं नाही. दुसरी, सूर्य त्या निवडलेल्या ताऱ्यांपेक्षा कुठेतरी वेगळा आहे. त्यातल्या काहींना लपलेला जोडीदार असेल, तेही शक्य आहे.

पहिल्या शक्यतेमुळे मला ज्वालेपेक्षा तिच्याबरोबर बाहेर फेकला जाणारा वायू जास्त महत्त्वाचा वाटतो. तो इतर ताऱ्यांवर दिसणं महाकठीण. चंद्राने ४५० प्रकाशवर्षांवरच्या एचआर ९०२४ या ताऱ्यावर तो पकडला, निबंध २०१९ चा. वर्णपटातल्या रेषा आधी एका बाजूला सरकल्या, मग दुसऱ्या, म्हणजे तापलेला वायू कमानीत वर गेला आणि खाली आला. ज्वालेनंतर मात्र थोडा कमी तापलेला वायू आपल्या दिशेने येताना दिसला, सेकंदाला शंभरेक किलोमीटर वेगाने. तोच बाहेर फेकलेला ढग. सूर्याच्या मानाने वस्तुमान हजारो पट, पण वेग त्या मानाने अगदीच कमी. मोठ्या ताऱ्याचं मजबूत चुंबकीय क्षेत्र ढगाला मागे ओढून धरतं की काय, असा संशय त्यावरून बळावला.

जाईजुई

मग तांबड्या खुज्यांभोवतीच्या ग्रहांवर जीवसृष्टीची आशा सोडायची का? बातम्यांत सारखं 'पृथ्वीसारखा ग्रह सापडला' म्हणतात ते बहुतेक याच ताऱ्यांभोवतीचे असतात ना?

पश्चिमतारा

बरेचसे, हो. तारा लहान आणि मंद असला की ग्रह सापडायला सोपा. पण ऊब हवी तर ग्रहाला अगदी जवळ राहावं लागतं. प्रॉक्झिमा-बी चं वर्ष ११.२ दिवसांचं, अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या विसाव्या हिश्श्याइतकं. अंतर विसावा म्हणजे त्याच ज्वालेचा मारा ४०० पट. १ मे २०१९ ला प्रॉक्झिमावर एक ज्वाला उठली तेव्हा अतिनील उजेड काही सेकंदांत १४,००० पट वाढला होता. ती सापडली कारण हबल, टेस, चिलीतली अल्मा, ऑस्ट्रेलियातली अॅस्कॅप अशा अनेक दुर्बिणी आधीच ठरवून एकाच वेळी तिकडे लागल्या होत्या.

माझं मत विचाराल तर आशा सोडण्याइतका पुरावा अजून नाही, पण नव्या ग्रहाची बातमी आली की मी आधी ताऱ्याचं वय आणि फिरण्याचा काळ बघतो. ग्रहाच्या तापमानाचा आकडा त्यानंतर. तारुण्यात ज्वालांचा मारा कोट्यवधी वर्षं चालतो आणि त्यात वातावरण टिकलं का, हा खरा प्रश्न. ओवीताईंनी सांगितलेला वायूचा ढगच वातावरण ओरबाडतो. ग्रहाला स्वतःचं चुंबकीय क्षेत्र असेल तर हिशेब आणखी बदलतो.

कोकणकडा

एक मान्य करतो. अल्गोलने पद्धतीची परीक्षा घेतली आणि पद्धत सुधारली, हे मला माहीत नव्हतं. ईव्हीच्या ६.४ च्या रेषेबद्दल मात्र माझी शंका शिल्लक आहे. वेगवान इलेक्ट्रॉन थंड लोखंडावर थेट आदळले तरी तीच रेषा निघेल. मग उंची कशी काढणार?

पश्चिमतारा

बरोबर. २००५ च्या डिसेंबरातल्या आयआय पेगासी या ताऱ्याच्या महाज्वालेवर अगदी हाच वाद झाला. पहिल्या निबंधाने इलेक्ट्रॉनांच्या बाजूने कौल दिला, नंतरच्यांनी क्ष-किरणांच्या. फरक करायचा तर रेषेची वेळ बघावी लागते. इलेक्ट्रॉन चढाच्या सुरुवातीला धावतात, त्यामुळे रेषा उतारातही टिकून राहिली तर क्ष-किरणांची बाजू भक्कम होते. पण त्यासाठी मिनिटा-मिनिटाला पुरेसे फोटॉन हवेत, आणि तेवढे फक्त फार मोठ्या ज्वालेतच मिळतात.

मितवा_७

मी एमएस्सी फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे, नाशिकला. हे सगळं वाचून प्रकल्प याच विषयावर करावासा वाटतोय. आमच्याकडे दुर्बीण नाही, मार्गदर्शक सरही घनपदार्थवाले आहेत. शक्य आहे का?

सातपुडा

नक्कीच शक्य आहे. स्विफ्ट, चंद्रा, एक्सएमएम यांची निरीक्षणं ठरावीक मुदतीनंतर सगळ्यांना खुली होतात, स्विफ्टची तर लगेचच. अॅस्ट्रोसॅटची इस्रोच्या संकेतस्थळावर मिळतात, आणि ती हाताळायची कशी यासाठी पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र केंद्रात मदत कक्ष आहे. त्यांच्या कार्यशाळांवर लक्ष ठेव. वर्णपटासाठी एक्सस्पेक हे मोफत सॉफ्टवेअर लिनक्सवर चालतं. सुरुवात मात्र टेसपासून कर. तो दृश्य आणि जवळच्या अवरक्त प्रकाशातला डेटा आहे, पण पायथॉनच्या लाइटकर्व्हमध्ये एका दुपारी ज्वाला दिसायला लागतात आणि हात बसतो. एडी लिओनिस किंवा वायझेड केनिस मायनोरिस घे, दोघे भरपूर भडकतात.

सूर्यही विसरू नकोस. आदित्य-एल१ वर क्ष-किरणांची दोन उपकरणं आहेत, आणि आयुकाने बांधलेली सूट ही अतिनील दुर्बीण. २२ फेब्रुवारी २०२४ ची एक्स-६.३ ज्वाला तिने टिपली, तीही खालच्या थरांत नेमकी कुठे उजळली त्या जागेसकट. सूर्याला ठिपका समजून त्याचा आलेख काढ, ताऱ्यांच्या पद्धतीने कमानीची लांबी काढ, आणि मग चित्र उघडून खरी लांबी मोज. कोकणकडांचा आक्षेप किती खरा ते तुझं तुलाच कळेल.

मितवा_७

सर, हे शेवटचं तर फारच आवडलं. सरांशी सोमवारी बोलतो.

पश्चिमतारा

मितवा, सातपुड्यांनी सांगितलेला सूर्याचा प्रकल्पच घे. दोन सूचना. एकच ज्वाला घेऊ नकोस. छोट्या, मोठ्या, एकेरी, ओळीने पेटणाऱ्या अशा निरनिराळ्या घे, नाहीतर पद्धत कुठे फसते ते दिसणार नाही. आणि आलेखात मुद्दाम दीड तासाच्या अंतराने भोकं पाडून बघ, अॅस्ट्रोसॅटला दिसतात तशी. उत्तर किती हलतं ते नोंदव. आलेख तयार झाले की इथेच टाक, कोकणकडा आणि मी दोघेही तपासू.